वॉशिंग्टन ते की वेस्ट: दोघं, एक गाडी आणि सोळा रात्री

अमेरिकेत नव्याने आलेल्या जोडप्याची पहिली सहल ठरते, तेव्हा कागदावर साधारण एकच यादी उतरते: न्यूयॉर्क, नायगारा, बॉस्टन, वॉशिंग्टन, ऑरलँडो, मायामी. दिवस दहा. ही यादी माझ्याकडे तपासायला आली की मी आधी नायगारावर काट मारते. नायगारा पूर्व किनाऱ्यावर नाहीच. न्यूयॉर्कपासून तो चारशे मैलांवर आहे, म्हणजे जायला एक आख्खा दिवस आणि यायला दुसरा. धबधबा जरूर बघा, पण वेगळ्या सहलीत.

दुसरी काट बॉस्टन आणि न्यूयॉर्कवर. ही शहरं वाईट आहेत म्हणून नाही, तिथे गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं आहे म्हणून. मॅनहॅटनमध्ये एका रात्रीचं पार्किंग गाडीच्या दिवसाच्या भाड्याशी स्पर्धा करतं. बॉस्टन ते वॉशिंग्टन या पट्ट्यात अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या गाड्या दिवसभर धावतात आणि न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला साडेतीन तासांच्या आसपास पोचवतात. ही शहरं रेल्वेने आणि पायी बघा. वॉशिंग्टनच्या खाली मात्र वाळूची बेटं, खाड्या आणि छोटी बंदरं सुरू होतात. तिथे रेल्वे जात नाही आणि गाडीशिवाय गंमतही नाही. म्हणून हा लेख वॉशिंग्टनपासून खाली, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट बेटापर्यंतच्या किनाऱ्याचा आहे.

तिसरी गोष्ट नकाशाची. मोबाइलला 'मायामी' सांगितलंत की तो डोळे झाकून आय-९५ महामार्गावर घालतो. हा रस्ता कॅनडाच्या सीमेपासून मायामीपर्यंत जातो आणि जवळजवळ कुठेच समुद्र दाखवत नाही. दोन्ही बाजूंना पाइनची भिंत, पुढे ट्रक आणि डोक्यावर अपघाताच्या वकिलांचे फलक, एवढंच. आपल्याला हवे ते रस्ते म्हणजे व्हर्जिनियातला १३, नॉर्थ कॅरोलिनातला १२, कॅरोलिनांमधून जाणारा १७, फ्लोरिडातला ए-१-ए आणि शेवटी यूएस-१. आय-९५ ला दोन-तीनदाच शिवायचं, जिथे नुसतं अंतर कापायचं असेल तिथे.

कधी निघायचं

एप्रिल-मे, किंवा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये चेरीचा बहर असतो. ही झाडं मुळात टोकियोने १९१२ मध्ये भेट दिलेली. बहर बघण्यासारखा खराच, पण त्या आठवड्यात हॉटेलचे दर गगनाला भिडतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखी चिकट असते, वर शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ जास्त धोक्याचा. त्या दिवसांत जाणार असाल तर प्रत्येक हॉटेल रद्द करता येईल अशाच दराने घ्या. पाच-दहा डॉलर वाचवायला परतावा नसलेलं बुकिंग करणं ही या किनाऱ्यावर चूक ठरते.

कागदपत्रं आणि गाडी

भारतातून येणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करता येतो आणि मुदत एक वर्षाची असते. तो एकटा चालत नाही, सोबत मूळ परवान्याचं कार्डही लागतं. मोबाइलमधला डिजिलॉकर इथल्या काउंटरवर कोणी विचारात घेत नाही. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात आणि या मार्गावर सहा राज्यं लागतात, त्यामुळे पासपोर्टसह तिन्ही गोष्टी हाताशी ठेवा.

परवाने दोघांनीही काढा, आणि भाड्याच्या करारात दोघांचीही नावं चालक म्हणून लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या नवरा किंवा बायकोला दुसरा चालक म्हणून जादा पैसे न घेता घालतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. करारात नाव नसताना 'जरा अर्धा तास तू चालव' म्हणून चावी दिली आणि नेमकं तेव्हाच कोणी ठोकलं, तर विमा हात वर करतो. पंचविशीच्या आतल्या चालकाला दिवसाचा वेगळा अधिभार पडतो, हेही लक्षात असू द्या.

विमा दोन प्रकारचा असतो आणि काउंटरवरचा माणूस दोन्ही एका दमात सांगून टाकतो. एक भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्यामुळे समोरच्याला झालेल्या नुकसानीचा. अमेरिकन क्रेडिट कार्ड असेल तर पहिल्याची सोय कधी कधी कार्डावरच असते. दुसऱ्याची नसते, आणि इथे खरा खड्डा दुसऱ्यातच आहे, कारण इस्पितळाची बिलं. भारतातून येणाऱ्यांनी दोन्ही विमे धरूनच दर पाहावेत. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकते. डेबिट कार्ड पुढे केलंत तर काउंटरवर अर्धा तास जातो, आणि कधी कधी गाडीच मिळत नाही.

एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे पैसे वेगळे लागतात. तारीख किंवा ठिकाण बदलून चार-पाच वेळा दर पाहा, फरक मोठा पडतो. गाडी वॉशिंग्टनला उतरल्या उतरल्या घेऊ नका. शहर सोडायच्या सकाळी रीगन विमानतळावरून घ्या, तो मेट्रोवर आहे. दोघांना मध्यम आकाराची साधी गाडी पुरते. सामानासाठी मोठी एसयूव्ही हवी असं वाटत असेल तर सामान कमी करा.

टोलचा चकवा

पहिल्या सहलीनंतर महिन्याभराने कार्डावर एक रक्कम आली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. टोल झाला होता बारा-तेरा डॉलरचा, पण भाड्याच्या कंपनीने आपल्या टोल-सेवेचं शुल्क दर दिवसाचं लावलं होतं. इथल्या बहुतेक टोलवर आता रोख घेणारा माणूसच नसतो. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल गाडीच्या मालकाला जातं. उपाय सोपा आहे: अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाकडून ई-झेडपास, म्हणजे काचेवर लावायची टोलची डबी, मागून आणा किंवा स्वतःचा घ्या, भाड्याच्या गाडीचा नंबर त्या खात्यात घाला आणि सहल संपताच काढून टाका. ई-झेडपास या मार्गावर फ्लोरिडापर्यंत चालतो. गाडीतल्या काचेवर कंपनीची डबी असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर टोल दोनदा कापला जातो.

वॉशिंग्टनच्या आसपास जलद मार्गिका दिसतील, ज्यांत जास्त माणसं असलेल्या गाड्यांना टोल माफ असतो. व्हर्जिनियात ही माफी तीन माणसांना आहे. आपण दोघंच. एकदा आत शिरलात की लगेच बाहेर पडता येत नाही, आणि गर्दीच्या वेळी तिथला दर बघून घाम फुटतो.

स्टिअरिंगवर बसण्याआधी

उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते. चुका होतात त्या डावीकडे वळताना आणि रिकाम्या पार्किंगमधून सकाळी बाहेर पडताना. पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर 'उजवी बाजू' असं मोठ्याने म्हणावं. वेडेपणा वाटतो, पण उपयोग होतो.

स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. चारही बाजूंना पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि हॉर्न वाजवायचा नाही. लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळता येतं, तशी मनाईची पाटी नसेल तर. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की मागच्यांनी थांबायचंच, आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. व्हर्जिनियात वेगाशी खेळू नका. तिथे मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त, किंवा कुठेही ८५ च्या वर गेलात, तर तो नुसता दंड नसून फौजदारी गुन्हा ठरतो. पोलिसांनी मागून दिवे लावले तर उजव्या कडेला थांबा, खाली उतरू नका, दोघांचेही हात दिसतील असे ठेवा. कागद काढायला वाकण्याआधी तसं सांगा. आपल्याकडे उतरून साहेबांकडे चालत जाण्याची जी रीत आहे, ती इथे भलतीच महागात पडू शकते.

पेट्रोलला इथे गॅस म्हणतात. ८७ आकड्याचं साधं घ्या. पंपावर कार्ड घातलं की पाच आकडी पिनकोड मागतात आणि भारतीय कार्ड तिथेच अडतं. आत दुकानात जायचं, पंपाचा नंबर सांगायचा आणि 'चाळीस डॉलर' म्हणून आधी पैसे द्यायचे. कमी भरलं गेलं तर उरलेले परत मिळतात. सगळ्या मार्गाचं मिळून पेट्रोल दीड-दोनशे डॉलरमध्ये बसतं.

आमचा एकच नियम: दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नाही, आणि अंधार पडल्यावर नाही. हरणं संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

आता मार्ग

वॉशिंग्टनला दोन रात्री. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत, पण विमान-अवकाश संग्रहालयाला वेळेचा पास आधी काढावा लागतो, तोही फुकटच. लिंकन स्मारक रात्री बघा. दिवसा तिथे शाळांच्या सहली असतात.

तिसऱ्या दिवशी, शक्यतो मंगळवारी-बुधवारी, यूएस-५० ने पूर्वेकडे निघा. शुक्रवारी दुपारी सगळं वॉशिंग्टन याच रस्त्याने समुद्राकडे धावत असतं. अ‍ॅनापोलिसजवळ चेसापीक बे ब्रिज लागतो, तिथे टोल पूर्वेकडे जातानाच घेतात. याच्याशी नावात जुळा असलेला बे ब्रिज-टनेल उद्या लागणार आहे. दोन्हींत गोंधळ झाला की हॉटेल भलत्याच ठिकाणी बुक होतं. वाटेत केंब्रिज गावाजवळ हॅरिएट टबमन यांचं स्मारक-केंद्र आहे. गुलामीतून स्वतः पळून जाऊन, पुन्हा मागे येऊन इतरांना सोडवून नेणारी ही बाई याच दलदलीच्या मुलुखात जन्मली. तासभर थांबा.

मग असाटीग बेट, रानटी घोड्यांचं. बेटाला दोन दारं आहेत, उत्तरेचं मेरीलँडमध्ये, दक्षिणेचं व्हर्जिनियात शिंकोटीग गावाजवळ, आणि बेटावरून या दारातून त्या दारात जाणारा रस्ता नाही. घोडे जवळून बघायचे तर मेरीलँडच्या बाजूला जा, तिथे ते पार्किंगमध्येसुद्धा फिरतात. मुक्काम शिंकोटीगला करा, गाव निवांत आहे. घोड्यांपासून चाळीस फूट लांब राहायचा नियम आहे. ते चावतात, लाथ मारतात आणि उघड्या काचेतून बिस्किटांचा पुडा पळवतात. डासांचं मलम विसरू नका. जुलैच्या शेवटी व्हर्जिनियातले घोडे खाडी पोहून पलीकडे नेतात. १९२५ पासून हा सोहळा चालू आहे आणि त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वाळूवर जा. कोकणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना इथे क्षणभर दिशाच कळत नाही. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो. पुढचे बारा-तेरा दिवस तो तसाच येणार आहे, तेव्हा दोघांतल्या सूर्यवंशी माणसाला एकदा तरी हलवून उठवा.

रस्ता १३ ने दक्षिणेला गेलं की बे ब्रिज-टनेल लागतो. १९६४ सालचा, साडेसतरा मैलांचा, म्हणजे २८ किलोमीटर. आपला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा. पण लांबीपेक्षा गंमत वेगळी आहे. पूल समुद्राच्या मध्यावर एका कृत्रिम बेटावर उतरतो आणि रस्ता चक्क पाण्याखाली शिरतो, म्हणजे वरून नॉरफोकच्या नौदल तळाची जहाजं जाऊ शकतात. असं दोनदा होतं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टोल वीस डॉलरच्या आसपास असतो. तो आनंदाने द्या.

मग आउटर बँक्स, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतची वाळूची बेटं. किल डेव्हिल हिल्सला दोन रात्री. इथेच १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. तेवढ्या अंतरावर दगड लावलेला आहे, तो चालून बघा. एसटीच्या तीन बस एकापुढे एक उभ्या केल्या की संपलं. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण मात्र ८५२ फूट गेलं, तो दगड लांब कुठेतरी दिसतो. विमानतळावर तासन्‌तास बसून कंटाळलेल्या आपल्यासारख्यांनी या दोन दगडांमध्ये थोडा वेळ उभं राहावं.

खाली रस्ता १२ धरला की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये जेमतेम रस्ता. वादळानंतर वाळू येऊन तो बंद होतो, म्हणून सकाळी राज्याच्या रस्ते-माहितीत एकदा बघून निघा. कडेला वाळूवर चाकांचे ठसे दिसतील. ते परवाना काढलेल्या फोर-व्हील गाड्यांचे असतात. भाड्याची गाडी वाळूत घालू नका, ओढून काढायचे पैसे विमा देत नाही. हॅटरासचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह १८७० सालचं. समुद्र पायाशी आला म्हणून १९९९ मध्ये ते अख्खं उचलून २,९०० फूट आत सरकवलं, २३ दिवसांत. जुन्या जागेची खूण बघून मग दीपगृहाकडे बघितलं की विश्वास बसत नाही.

हॅटरासहून ओक्राकोक बेटावर गाडीसकट फेरी नेते, तीही फुकट. दाभोळ-धोपावे केलेल्यांना यात नवं काही नाही, फक्त इथे तासभर लागतो. ओक्राकोकला एक रात्र राहाच. ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा १७१८ मध्ये याच पाण्यात मारला गेला. दिवसाचे पाहुणे परत गेले की गाव शांत होतं आणि भाड्याच्या सायकलींवर सगळं फिरून होतं.

आता आमची चूक ऐका. ओक्राकोकहून पुढे सीडर आयलंडला जाणारी फेरी वेगळी, सव्वादोन तासांची आणि पैसे देऊन. तिला आरक्षण लागतं. पहिली फेरी फुकट आणि रांगेची, म्हणून दुसरीही तशीच असेल असं आम्ही धरून चाललो. धक्क्यावर उत्तर मिळालं, 'आज जागा नाही.' आल्या वाटेने परत हॅटरास, पुन्हा वर, मग मुख्य भूमीला मोठा वळसा. चार तासांच्या नियमाचे त्या दिवशी तीन तेरा वाजले आणि गाडीत दोन तास कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हा हॉटेलच्याही आधी ही फेरी बुक करा.

पलीकडे विल्मिंग्टनला एक रात्र, नुसती पाठ टेकायला. तिथून रस्ता १७. साउथ कॅरोलिनात शिरलं की कडेला हाताने लिहिलेल्या पाट्या दिसतात: उकडलेल्या शेंगा. होय, आपल्याच, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, गरम, टरफलासकट. उत्तरेतल्या अमेरिकनांना त्या विचित्र वाटतात. आपण मोठा डबा घ्यावा आणि टरफलांसाठी वेगळी पिशवी ठेवावी.

चार्ल्सटनला घाई नको

दोन रात्री इथे ठेवा. रंगीत घरं, घोडागाड्या, ओकची झाडं, फोटो हवे तेवढे. पण हे वैभव आलं कुठून, हा प्रश्न घेऊन फिरलात तर शहर वेगळं दिसतं. ते आलं भातातून. पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखांतून माणसं धरून आणली, त्यांच्याकडून इथल्या खाजणांत भात लावून घेतलं आणि मालकांनी वाडे बांधले. गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे ही माणसं जहाजातून उतरवली जात, तिथे २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उघडलं. आधी तिथे जा, मळ्यांवरच्या वाड्यांचं नंतर ठरवा.

शहराबाहेर माउंट प्लेझंटला रस्ता १७ च्या कडेला आणि शहरातल्या बाजारात गल्ला बायका गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या असतात. गल्ला म्हणजे त्याच आफ्रिकन शेतकऱ्यांचे वंशज, ज्यांनी आपली बोली आणि हातची कला टिकवली. त्यांची एक जुनी, पसरट, उथळ टोपली पाहिली आणि मी नवऱ्याला म्हटलं, 'अरे, हे तर सूप!' खरंच ती भात पाखडायचीच टोपली. लहानशा टोपलीलाही बरेच पैसे पडतात, कारण ती विणायला दिवस जातात. इथे घासाघीस करू नका. घ्यायची नसेल तर बघून, बोलून पुढे जा.

फोर्ट समटर हा बंदरातला किल्ला. १२ एप्रिल १८६१ ला याच्यावर पहिली तोफ डागली गेली आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. बोटीचं तिकीट आधी काढा, सकाळची बोट बरी.

खाण्याचं इथेच सांगून टाकते. दक्षिणेत शाकाहाऱ्यांनी 'भाजी आहे' या शब्दावर विश्वास ठेवू नये. पालेभाजी आणि घेवड्यात डुकराचं मांस किंवा चरबी हमखास असते. 'मांस आहे का' एवढंच विचारून भागत नाही. 'चरबी, बेकन, चिकनचं पाणी यातलं काही आहे का' असं विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्या बहुतेक ठिकाणी साध्या मिळतात. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे: कोळंबी आणि कण्या हे इथलं पिठलं-भाकरी समजा. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरून थेपले, चिवडा, लोणचं आणि पोहे घेऊन निघतो. एक छोटा राइस कुकर आणि थंड पेटी सोबत असते. खोलीत मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे ना, हे बुकिंग करतानाच बघा. रस्त्यावरची बरीच मोटेल गुजराती पटेल मंडळींची आहेत, काउंटरवर 'केम छो' म्हटलं की निदान चांगला चहा कुठे मिळेल ते तरी कळतं. बसून जेवलात तर बिलावर १८ ते २० टक्के टिप धरा.

सवानापासून फ्लोरिडापर्यंत

सवाना १७३३ मध्ये चौकटी आखून वसवलं. मूळच्या २४ चौकांपैकी २२ अजून आहेत, प्रत्येकावर ओकची सावली आणि फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळासारखं स्पॅनिश मॉस. गाडी लावून टाका आणि एका चौकातून दुसऱ्यात चालत जा. दहाच रात्री हाताशी असतील तर सहल इथेच संपवून विमानाने परतावं, पुढचा भाग घाईत उरकण्यात अर्थ नाही.

इथून सेंट ऑगस्टीनपर्यंत आय-९५ चालेल, पावणेतीन तास. सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं. तिथला किल्ला १६७२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. गडकिल्ले बघत वाढलेल्या मराठी माणसाला तो आकाराने किरकोळ वाटेल, पण भिंतीला हात लावा. दगड शंखशिंपल्यांचा आहे, कोकीना नावाचा. तोफगोळा लागला की तो फुटत नसे, गोळाच भिंतीत रुतून बसे.

केनेडी अंतराळ केंद्राला पूर्ण दिवस द्या आणि मुक्काम टायटसव्हिल किंवा कोको बीचला, दोन रात्री. आधी सॅटर्न-५ अग्निबाणाच्या इमारतीकडे जाणारी बस घ्या, कारण ती दुपारनंतर बंद होते. ३६३ फुटांचं ते धूड आडवं ठेवलेलं आहे. मग अटलांटिस यान. बाहेर काळ्या चकचकीत दगडाची स्मृतिभिंत आहे, तिच्यावर कल्पना चावला यांचं नाव शोधा. त्यांचं कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ ला इथूनच उडालं होतं. तुमच्या तारखांना प्रक्षेपण असेल तर टायटसव्हिलच्या नदीकाठावरून फुकट दिसतं. मात्र ते पुढे ढकललं जाणारच असं धरून बाकीचं नियोजन करा.

राष्ट्रीय उद्यानांच्या वार्षिक पासाचा मोह इथे अनेकांना होतो. या मार्गावर असाटीग, राइट स्मारक आणि सेंट ऑगस्टीनचा किल्ला एवढीच तिकिटं लागतात आणि ती दोघांची मिळून पंचाहत्तर-ऐंशी डॉलरच्या घरात बसतात. पास नको. अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी तर २०२६ पासून तो २५० डॉलरचा झाला आहे, आणि पास नसेल तर एव्हरग्लेड्ससारख्या उद्यानात माणशी १०० डॉलर जादा पडतात. मगरी बघायच्या असतील तर मायामीच्या पश्चिमेला तासाभरावर यूएस-४१ च्या कडेला बिग सायप्रसचं ओएसिस केंद्र आहे. लाकडी सज्जावर उभं राहायचं, खाली मगरी पडलेल्या असतात, आणि पैसे लागत नाहीत.

मायामी शहर आम्ही सोडतो. होमस्टेडला रात्र काढून सकाळी लवकर यूएस-१ धरा.

शेवटचे मैल

इथून की वेस्टपर्यंत ११३ मैलांचा समुद्रावरचा रस्ता, ४२ पूल. पत्ते मैलाच्या दगडावरून सांगतात आणि आकडे उतरत जातात. शेजारी तुटका जुना पूल दिसत राहतो, तो उद्योगपती हेन्री फ्लॅगलरच्या रेल्वेचा. ती १९१२ मध्ये की वेस्टला पोचली आणि १९३५ च्या वादळात गेली. आजचा सात मैलांचा पूल १९८२ सालचा. तिथे चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं, म्हणून जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने चालवा. भांडण राहत नाही. ३७ व्या मैलावर बाहिया होंडा उद्यान आहे, पोहायला या मार्गावरचं सर्वांत चांगलं पाणी. दुपारी पार्किंग भरलं की फाटक बंद करतात. बिग पाइन बेटावर कुत्र्याएवढी हरणं रस्ता ओलांडतात, तिथली वेगमर्यादा खरोखर पाळा.

की वेस्टला दोन रात्री. 'क्युबा ९० मैल' लिहिलेल्या रंगीत खांबापाशी फोटोसाठी रांग असते, सकाळी सातला नसते. गाडी हॉटेलवर ठेवा, गाव चालण्याइतकंच आहे आणि रस्त्यांवर कोंबड्या मोकाट फिरतात. संध्याकाळी मॅलरी चौकात जा. सोळा रात्रींच्या सहलीत पहिल्यांदा सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, अगदी गणपतीपुळ्यासारखा. लोक टाळ्या वाजवतात, तेवढा एक फरक.

परतीला मायामी विमानतळासाठी पाच तास धरा. टाकी होमस्टेडलाच भरून घ्या, पावती जपून ठेवा, आणि गाडी देण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. डिकीतली वाळूही झटका. आमच्या राइस कुकरमध्ये ती दिवाळीपर्यंत निघत होती.